वैशाखातील ताट : थोडा अग्नी, पुरता आहार



कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींना वैशाख लागल्याचे पंचांग न उघडताही कळते. पाणी काठापासून मागे सरलेले असते, उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा पडू लागतात आणि सात वाजताच ऊन पाठीला जाणवते. बँकेतून निवृत्त होऊन मला आता सहा वर्षे झाली. सकाळचा हा फेरफटका, परतल्यावर पंख्याखाली वर्तमानपत्र आणि हाताशी चहा, असा माझा नेम आहे. त्याच वेळी घरातील एक व्यक्ती अग्नीसमोर उभी असते आणि दिवस मावळेपर्यंत तिची त्यातून सुटका नसते, ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातही आली नव्हती. ती ध्यानात कशी आली, हे सांगण्यासाठी आणि त्यातून आमच्या घरी उन्हाळ्याच्या जेवणात जो बदल झाला तो आपल्यासमोर मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. मुलगी, जावई व नातवंडे सुटीला आली होती; घरात नऊ पाने होत होती. सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे उरकायची म्हणून आमच्या सौ. दुपारी साडेचारलाच स्वयंपाकघरात शिरल्या. आमचे स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. त्या वेळी उन्हाची तिरीप थेट ओट्यावर येते. पहिल्या पंगतीत जावई, मुले आणि मी बसलो होतो. "एखादा गरम फुलका असला तर बघ," अशी फर्माईश मी केली. उत्तर आले नाही. दुसऱ्या हाकेलाही आले नाही. आत जाऊन पाहतो तो सौ. ओट्याला पाठ टेकून खाली बसलेल्या, चेहरा पांढराफटक, अंग घामाने भिजलेले, आणि तव्यावरचा फुलका जळून काळा झालेला.

डॉक्टर घरी आले. अंगातील पाणी आणि क्षार घामावाटे निघून गेले आहेत, विश्रांती व मीठ-साखर-पाणी द्या, असे त्यांनी सांगितले. जाताना त्यांनी विचारले, "स्वयंपाकघरात पंखा नाही का?" मी म्हणालो, "आहे. पण गॅस पेटवला की बंद करावा लागतो. ज्योत विझते." ते शांतपणे म्हणाले, "मग उन्हाळ्यात काही वेळ गॅसच बंद ठेवत चला."

घरातील न मांडलेला खर्च

आयुष्यभर मी लोकांच्या जमाखर्चाची छाननी केली. शाहूपुरीतील गुळाच्या पेढ्यांपासून गुजरीतील सराफी दुकानांपर्यंत अनेकांचे ताळेबंद माझ्या टेबलावरून गेले. ज्या खर्चाची नोंद नाही तो खर्च कधी आटोक्यात येत नाही, हे मी कर्जदारांना सांगत असे. माझ्या स्वतःच्या घरात मात्र असा एक खर्च वर्षानुवर्षे चालू होता आणि त्याची नोंद कुठेही नव्हती.

सौ. सावरल्यावर मी एक आठवडाभर वहीत टिपण ठेवले : गॅस केव्हा पेटला, केव्हा विझला. सरासरी निघाली दिवसाला चार तास दहा मिनिटे. त्यातील पावणेदोन तास दुपारी साडेचार ते सव्वासहा या वेळेतील, म्हणजे दिवसभर तापलेल्या भिंती उष्णता परत सोडत असतात नेमके त्याच वेळचे. इतर घरांत संध्याकाळचा स्वयंपाक सात-आठनंतर, थोडा गारवा आल्यावर होतो. आपल्याकडे रात्रिभोजनाचा त्याग असल्यामुळे आणि कोल्हापुरात मे महिन्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होत असल्यामुळे तो भर उन्हात करावा लागतो. व्रत सर्वांचे असते. त्याची झळ मात्र एकीलाच सोसावी लागते.

व्रत सोडावे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. सूर्यास्तापूर्वीचे जेवण पचनाला हलके जाते, हा माझाही अनुभव आहे. प्रश्न एवढाच आहे की, त्या जेवणात पोळी, भाजी, आमटी, भात असे चारीठाव पदार्थ उन्हाळ्यातही तव्यावरून थेट ताटात आलेच पाहिजेत काय?

परंपरा काय सांगते

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्याच परंपरेत आधार सापडला. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती या पाचही स्थावर कायांमध्ये जीव आहे, असे आपण मानतो. अग्निकायाची विराधना जितकी कमी तितके बरे, हे प्रत्येक श्रावकाने ऐकलेले असते. गॅसची शेगडी दोन तास कमी पेटली तर सिलिंडर वाचतो आणि अग्निकायाची विराधनाही तितकी टळते. ऊणोदरी आणि रसपरित्याग ही बाह्य तपेही ताटातील पदार्थ कमी करण्याकडेच नेतात.

वैशाख शुद्ध तृतीयेचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ आदिनाथ भगवान ऋषभदेवांना कल्पेल असा आहार मिळाला नाही. लोक रत्ने आणि वस्त्राभरणे पुढे करीत. मुनीला आहार कसा द्यावा हे कोणालाच ठाऊक नव्हते. हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी इक्षुरस दिला आणि पारणे झाले. आजही वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानेच होते. या युगातील पहिले आहारदान अग्नीवर शिजवलेल्या पक्वान्नाचे नव्हते, आणि ते ऐन वैशाखात झाले, हे आम्हा ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील लोकांनी तरी ध्यानात ठेवावे.

मात्र "न शिजवलेले म्हणजे शुद्ध" असे सरधोपट समीकरण आपल्याला लागू पडत नाही. ज्यांना सचित्ताचा त्याग आहे त्यांना कच्ची काकडी चालणार नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते. मोड आलेली कडधान्ये अनेक घरांत खात नाहीत. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आले ही कंदमुळे तर नाहीतच. त्यामुळे वर्तमानपत्रांतून येणाऱ्या "बिनगॅसच्या पाककृती" आपल्या घरी जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. आम्ही म्हणून "अग्नी वर्ज्य" असा नियम न करता "थोडा अग्नी, तोही सकाळी" असा केला.

दोन नियम

पहिला नियम असा : शेगडीचे सर्व काम सकाळी नऊच्या आत. पिण्याचे पाणी उकळणे, दूध तापवणे, दुपारचा भात व डाळ, भाजणे-फोडणी, सारे त्यातच. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहरांची, म्हणजे सुमारे पंधरा तासांची मानतात. सकाळी सहाला उकळलेले पाणी चौविहारापर्यंत सहज पुरते. ते रुंद परातीत ओतून झाकून निवू द्यावे व मग माठात भरावे. बर्फाची उणीव भासत नाही.

दुसरा नियम सौं.नी घालून दिला : ओले ते दुपारी, कोरडे ते सायंकाळी. शिजवलेला भात, भिजवलेली डाळ, उसळ असे ओलसर पदार्थ उन्हाळ्यात चार-पाच तासांत बिघडू लागतात. शिजलेले अन्न कडक उन्हाळ्यात तास-दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवू नये, असे आहारशास्त्रही सांगते. भातातील काही जंतू तर पुन्हा गरम केल्यानेही निरुपद्रवी होत नाहीत, कारण त्यांनी सोडलेले विष तसेच राहते. तेव्हा सकाळचा भात दुपारी बाराच्या आत संपवावा. सायंकाळी मात्र पोहे, लाह्या, सातू, चुरमुरे, खाकरा असे कोरडे जिन्नस ऐन वेळी कालवून घ्यावेत. वासी अन्न न खाण्याचा आपला नियम यात आपोआप पाळला जातो.

दुपारचे ताट

दुपारी आमच्याकडे बहुधा दहीभात असतो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मिळाला तर उत्तम. तो मऊ शिजतो आणि त्याला स्वतःचा सुवास असतो. भात परातीत पसरून निवला की त्यात तापवून गार केलेले दूध व थोडे विरजणाचे दही घालावे. दही एकदम सारे घातले तर जेवणापर्यंत भात आंबतो. फोडणीला जिरे, मोहरी, हिंग, कढीलिंब व मिरची एवढेच घ्यावे. सीमाभागातील पद्धतीप्रमाणे फोडणीत उडदाची व हरभऱ्याची डाळ घालण्याचा मोह होतो; पण दह्याबरोबर डाळ म्हणजे द्विदळ, म्हणून ती टाळावी.

दुसऱ्या दिवशी आंबेडाळ. सकाळी सातला एक वाटी हरभऱ्याची डाळ भिजत घालावी, अकराला निथळून जाडसर वाटावी. अर्धी वाटी कैरीचा कीस, तितकेच ओले खोबरे, हिरवी मिरची, मीठ व चवीला साखर मिसळून वर चमचाभर तेलाची हिंग-मोहरीची फोडणी द्यावी. चार तासांच्या भिजवणीत डाळीला मोड येत नाहीत आणि शेगडीची गरज फोडणीपुरतीच पडते. त्या दिवशी ताटात ताक ठेवू नये. पन्हे किंवा कोकमाचे सरबत ठेवावे. आंबेडाळीबरोबर सकाळीच केलेल्या दोन पोळ्या पुरे होतात.

नाचणीची आंबील रात्रभर आंबवून करण्याची पद्धत आहे. ज्यांना ती चालत नाही त्यांनी त्याच दिवशीची करावी. चार चमचे नाचणीचे पीठ गार पाण्यात कालवून दोन पेले उकळत्या पाण्यात सोडावे, सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. पूर्ण निवल्यावर ताक, मीठ व जिरेपूड मिसळावी. आंबट चव ताकाने येते, आंबवण्याची आवश्यकता राहत नाही.

सायंकाळचे ताट

सायंकाळी शेगडी पेटत नाही, हा आमचा मुख्य बदल. पदार्थ मोजकेच, पण आळीपाळीने येत असल्यामुळे कंटाळा येत नाही.

*दडपे पोहे.* चार माणसांना चार वाट्या पातळ पोहे. त्यांत एक वाटी ओले खोबरे, एक कोचवलेली काकडी, अर्धी वाटी कैरीचा कीस, मीठ, साखर घालून नारळाच्या पाण्याचा हबका मारावा. हलक्या हाताने कालवून वर ताटली व त्यावर वजन ठेवून वीस मिनिटे दडपावे. शेंगदाणे व मिरचीची फोडणी सकाळीच करून वाटीत ठेवलेली असते. ती वाढताना घालावी. कांद्याची उणीव काकडी व कैरी भरून काढतात. कोथिंबीर ज्यांना चालते त्यांनी घ्यावी. फाल्गुनी चातुर्मासानंतर पालेभाजी वर्ज्य मानणारी घरे ती वगळतात, तरी चवीत उणे येत नाही.

*लाह्यांचे पीठ.* ज्वारीच्या लाह्या मिक्सरमध्ये भरड दळाव्यात. एक वाटी पिठाला दीड वाटी ताक, मीठ, जिरेपूड, हिंग. पाच मिनिटांत पीठ फुगते. ज्वारी द्विदळात येत नाही, म्हणून ताकाला अडचण नाही. हे अन्न थंड, पचायला हलके आणि दात नसलेल्या वडीलधाऱ्यांनाही सोपे. तिथीच्या दिवशी आमच्याकडे हेच असते.

*सातूचे पीठ.* अर्धा किलो गव्हाला पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवावे, मग फडक्यावर कोरडे करून तांबूस भाजावे. पाव किलो पंढरपुरी डाळं, चमचाभर सुंठ, सहा-सात वेलदोडे घालून दळावे. एका माणसाला चार मोठे चमचे पीठ, दोन चमचे किसलेला गूळ आणि पेलाभर माठातील पाणी. पुष्कळ घरांत हे दुधात कालवतात. परंतु यात हरभऱ्याचे डाळं असल्यामुळे कच्चे दूध, दही किंवा ताक घेऊ नये. गुळाच्या पाण्यातच कालवावे. ज्यांना दुधातच हवे त्यांनी डाळं न घालता गहू-तांदळाचे वेगळे पीठ करावे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा उन्हाळ्यात पाच दिवसांची आहे. म्हणून थोडेच भाजावे व थोडेच दळावे. डाळ्यात शंभर ग्रॅमला सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा "नुसत्या पिठाने ताकद कशी येणार" ही शंका घेण्याचे कारण नाही. गूळ तर आपल्या घरचाच. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

*सुकी भेळ.* चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, डाळं, कैरीच्या बारीक फोडी, टोमॅटो, तिखट-मीठ. बाजारच्या भडंगात लसूण असतो, म्हणून चुरमुरे घरीच कढीलिंब-हिंगाच्या फोडणीत परतून डब्यात भरावेत. नातवंडांचा हा आवडता दिवस.

आठवड्यातून एकदा आमरस असतोच. त्याच्यासोबत पुऱ्या तळण्याऐवजी खाकरा द्यावा. ज्यांच्याकडे आर्द्रा नक्षत्रानंतर आंबा बंद होतो त्यांना जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ही संधी असते.

दुकानातील डबा

व्यापारी कुटुंबांची एक अडचण मला ठाऊक आहे. दुकान आठ-नऊपर्यंत चालते, चौविहार मात्र सातच्या आत. घरून गरम डबा निघतो, गर्दीतून गुजरी-लक्ष्मीपुरीत पोहोचेपर्यंत गार होतो आणि बंद डब्यात भाजीला वास सुटतो. त्याऐवजी कोरडे जिन्नस दुकानातच ठेवावेत : एका डब्यात सातू, एकात गूळ, एकात चुरमुरे किंवा लाह्यांचे पीठ. घरून ताकाची बाटली आणि कैरी-काकडी एवढेच जावे. सव्वासहाला पाच मिनिटांत कालवून जेवण होते. गिऱ्हाईक ताटकळत नाही आणि घरच्या सुनेला साडेचारला तवा चढवावा लागत नाही. माझ्या परिचयाच्या दोन पेढ्यांवर ही पद्धत आता रुळली आहे.

रसवंतीवर रस घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी सांगाव्यात : आले नको आणि बर्फ नको. नुसते लिंबू पिळलेला ताजा रस पुरेसा असतो. मधुमेह असणाऱ्यांनी उसाचा रस, आमरस व गुळाचा सातू यांपासून दूर राहून ताक-लाह्यांकडे वळावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी ताकात व पन्ह्यात मीठ बेताने घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी नारळाचे पाणीही वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये.

अडचण खरी कोणाची?

हा बदल सुरू केला तेव्हा मला वाटले होते की अडचण मुलांची होईल. ती झाली माझीच. तिसऱ्या दिवशी सायंकाळी लाह्यांचे पीठ पाहून मी नकळत म्हणून गेलो, "आज एखादा तरी फुलका..." सौ. उठू लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई म्हणाली, "बस गं तू. आमच्या लहानपणी वैशाखात संध्याकाळी लाह्यांचंच पीठ असायचं. दोन्ही वेळ गरम फुलके ह्याच्या पगारानं शिकवले." मी खाली मान घालून पीठ खाल्ले. ते रुचकर होते, हेही कबूल केले पाहिजे.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा आठवडाभर टिपण केले. शेगडी दिवसाला एक तास पन्नास मिनिटे, सायंकाळी शून्य. सिलिंडर पूर्वी अठ्ठावीस-तीस दिवस चालत असे. मे महिन्यातला त्रेचाळीस दिवस चालला. हे आकडे सुखावह आहेत, पण या बदलाची खरी जमा मी ती मानत नाही.

सायंकाळचे ताट आता माझ्याकडे आहे. कालवणे, दडपणे, वाढणे ही कामे निवृत्त बँक अधिकाऱ्याला सहज जमतात. त्याला स्वयंपाक येण्याची आवश्यकता नाही. सहाच्या सुमारास सौ. ओसरीवर जपमाळ घेऊन बसलेल्या असतात. साडेसहाला मी हाक मारतो आणि आम्ही सारे एकाच पंगतीला बसतो. लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेली. पण सणवारी हॉटेलात किंवा कार्यालयात जेवलो ते सोडल्यास, घरी त्या माझ्याबरोबर पहिल्या पंगतीला बसल्याचे मला त्यापूर्वी आठवत नाही. स्वयंपाकघरातील पंखा त्या वेळी चालू असतो.

आपल्या घरीही एक आठवडा हे टिपण करून पाहावे. वही आणि घड्याळ एवढेच लागते.

परंपरेनुसार व संप्रदायानुसार भक्ष्याभक्ष्याच्या मर्यादांत फरक असतो. आपापल्या गुरुभगवंतांच्या आज्ञेप्रमाणे वर्तावे. माझ्या लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.